हौद्यातला नायटा

"मातीला नावं ठेवशील तर जीभ झडंल, सांगून ठेवतो!"

नाथाजी वस्तादांचा हा आवाज ऐकून किती वर्षं लोटली, पण कुठं ओल्या मातीचा आंबूस वास आला की तो अजून कानात घुमतो. आष्ट्याच्या तालमीत तो उठला की आढ्यावरची कबुतरं उडायची आणि आम्ही हौद्यात होतो तिथंच थिजायचो. हौदा म्हणजे कुस्तीची माती भरलेला खड्डा. वस्ताद त्या मातीला आई म्हणत. अंगाला लावली की ताप उतरतो, जखम भरते, अशी त्यांची श्रद्धा.

दुसऱ्या महायुद्धाची, लढाईची सालं होती. पूर्वी त्या मातीत तेल, हळद, लिंबू, कापूर, ताक सगळं पडायचं. लढाईत बाकीचं दिसेनासं झालं, उरलं नुसतं ताक. त्यानं माती उन्हाळ्यात आंबोळीच्या पिठासारखी फुगायची, आंबट दरवळायची. माणसं मात्र वाढली. रजेवरचे शिपाई, बाजाराला आलेले गाडीवान, वाटसरू, जो तो येऊन लोळून जाई. जाताना थोडी माती अंगावर नेई आणि आपलं काहीबाही तिच्यात ठेवून जाई.

मग खाज सुटली.

माझ्या काखेखाली बांगडीएवढं लाल कडं उठलं. मला वाटलं, हे आपल्या एकट्याचंच पाप. खाजवायला तालमीच्या मागं गेलो, तर तिथं बर्म्याहून रजेवर आलेला आकाराम उभा. लंगोटात हात, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधी लागल्याची शांती.

"काय करतुयास रं?"

"डास चावला."

"एवढा येळ?"

"लय मोठा डास हुता गड्या. मिलिटरीतला."

तेवढ्यात तिसरा आला, आमचा सयाजी. तोही मांडी खाजवतच. तिघं एकमेकांकडं बघून हसलो, पण सयाजीचं हसू लगेच विरलं. सांगलीच्या मैदानात त्याची कुस्ती ठरली होती. त्याच्या खुराकासाठी बापानं दुभत्या म्हशीचं दूध घरात कुणाला चाखू दिलं नव्हतं. आणि मैदानाचा नेम असा, की आधी गडी उघडा करून बघायचा. अंगावर नायटा दिसला की माघारी.

सयाजी सांगलीला डॉक्टरकडं जाऊन आला.

"कातडं खरवडून काचंवर घेतलं त्येनं, नि नळीतनं बघितलं. बुरशी हाय म्हंतो. शिळ्या भाकरीवर चढती तिची भैन. मातीत ऱ्हाती, अंगावर चढती. मलम दिलंय. पर म्हंतो, फिरून त्याच मातीत लोळणार असशील तर मलम भिताडाला लाव."

म्हणजे माती उपसून उन्हात टाकायला हवी होती. सयाजीनं धीर करून वस्तादांना सांगितलं.

"आईला बुरशी लागती व्हय रं?" वस्ताद कडाडले. "सांगलीचं पानी प्यालास नि बाटलास! जोर काढ जा, खाज कुठल्या कुठं पळंल."

सयाजी मान खाली घालून जोर काढत राहिला. मैदान जवळ येत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे वस्तादांच्या घरावरून जाताना आत जातं घरघरत होतं. त्यांची कारभारीण अंबूकाकी गात होती. गळा असा गोड, की मी पाय थांबवून ऐकलं.

*तालमीच्या मातीला गं, आंबट ताकाचा वास*
*म्हैस घासी लिंबाला, धनी घासी खांबास!*

मी धावत जाऊन आकाराम आणि सयाजीला उठवलं.

"आरं, म्हाताऱ्यालाबी हाय!"

"आसंल," सयाजी म्हणाला. "पर त्येच्या तोंडनं कसं यायचं?"

शनिवारी तालमीत मारुतीची आरती असे. तबक वस्तादांच्या दोन्ही हातांत. आरती संपेपर्यंत ते खाली ठेवायचं नाही, हा त्यांचाच दंडक. चाल मी धरायचो, हलगी आकारामची.

त्या शनिवारी नेहमीची आरती संपत आली तसं मी नवं कडवं रचलं, मारुतीच्या शेपटीचं. वस्तादांनी कौतुकानं मान डोलवली. मग गदेचं कडवं. मग लंका पेटली, आणि तीही मी घरं मोजून पेटवली. कापराच्या उबेनं वस्तादांना घाम फुटला. घाम पाठीवरून उतरला तसा उजवा खांदा नाचू लागला, मग डावा. एका पायाच्या टाचेनं ते दुसरी पोटरी घासू लागले. आकारामनं हलगी द्रुत केली. मी संपवू बघतोय असं वाटून त्यांचे डोळे चमकले.

उंबऱ्याबाहेर प्रसाद घेऊन अंबूकाकी उभी होती. पदर तोंडाला लावून म्हणाली, "म्हन की लेकरा, द्रोणागिरी ऱ्हायलाय."

मी द्रोणागिरी उचलला. त्यावरच्या एकेका झाडाचं नाव घेत निघालो. आंबा झाला, जांभूळ झाली, हिरडा झाला. बेहड्यापाशी तबकातली घंटी आपोआप वाजू लागली, इतके वस्तादांचे हात थरथरत होते.

"बास कर रं, मुडद्या!"

हलगी थांबली. सयाजीनं पुढं होऊन तबक धरलं, पण घेतलं नाही. नुसता त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. वस्तादांनी मारुतीकडं पाहिलं, हौद्याकडं पाहिलं, मग सयाजीकडं. आणि तो हलगीसारखा आवाज एकदम पोरासारखा बारीक झाला.

"हौदा उपसा उद्या. नायटा मलाबी हाय रं... तुमा समद्यांच्या आदीपास्नं."