क्लेमची शेवटची बाटली

लानच्या कोऱ्या नळीतला आरएनए सलग तिसऱ्यांदा तुटला, तेव्हा संशय बाटलीवर आला.

"ट्रूडी, वाईट वाटून घेऊ नकोस," लान म्हणाली, "पण तुझ्या बाबांच्या बफरमध्ये काहीतरी पडलंय."

ट्रूडी नॉस्केने हातातलं पिपेट खाली ठेवलं. ॲडलेडच्या या प्रयोगशाळेत तिचे वडील, क्लेम, एकतीस वर्षं बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारी द्रावणं, बनवत होते. एप्रिलमध्ये ते गेले. त्यांच्या हातची एकच बाटली उरली होती, चिकटपट्टीवर त्यांच्या ठसठशीत अक्षरात 'ट्रिस, साडेसात, क्लेम' असं लिहिलेली; ट्रिस हे बफरचं नाव, साडेसात त्याचं पीएच. फडताळात नुसती धूळ खात बसेल म्हणून गेल्या सोमवारी ट्रूडीनेच ती लानच्या हवाली केली होती. लान नेहमी वापरायची ते हेपीस नावाचं दुसरं बफर संपलं होतं. दोन्हींचं पीएच सारखंच, मग काम कशाला अडवायचं?

"बाबांच्या बफरमध्ये काही पडत नाही," ती म्हणाली.

"पडलं असलं तर बेडूक-केक क्लेमकडून!" पलीकडच्या टेबलावरून डेस्पिना ओरडली. ती प्रयोगशाळेची प्रमुख, आणि हा नियम तिचाच होता. ज्याच्या चुकीने प्रयोग बिघडेल त्याने शुक्रवारच्या चहाला बेडूक-केक आणायचे. हिरव्या साखरेची कातडी, आ वासलेलं तोंड, आत मलई. "एकतीस वर्षांत या माणसाने मला एक बेडूक खाऊ घातला नाही. गेल्यावर तरी घालू दे की!"

लान कावरीबावरी झाली. ट्रूडी मात्र हसली. डेस्पिनाला क्लेमची थट्टा करायचा हक्क होता; दफनाच्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने तीच रडली होती. पण हसता हसता ट्रूडीच्या मनात आलं, बाबांच्या हातचं शेवटचं काम, आणि त्यालाच डाग लागायचा?

"शुक्रवारपर्यंत बाटली ओतू नका," ती म्हणाली.

"शुक्रवारपर्यंत," डेस्पिना म्हणाली. "मग सिंकमध्ये."

लानचा आरएनए एका जिवाणूतला होता. जिवाणूला आपली भिंत बांधायला एक साखर लागते. ती बनवायचा निरोप हा आरएनए नेतो. निरोपाच्या डोक्याशीच एक खोबण असते. साखर पुरेशी साठली की तिचा एक रेणू त्या खोबणीत जाऊन बसतो आणि निरोप स्वतःच स्वतःला कापतो. कात्री लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. क्लेमना त्याचं भारी कौतुक. "पोट भरलं की ताट सारून उठतो बघ," ते म्हणायचे, "नाहीतर तुझा काका." कोऱ्या नळीत ही साखर घातलेलीच नसते. तिथे आरएनए अख्खा राहायला हवा होता.

दुपारी ट्रूडी जेलचा, म्हणजे आरएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थराचा, फोटो घेऊन बसली.

"लान, इकडे ये. बोटांची घाण पडली असती तर हे कसं दिसलं असतं?"

"फिस्कटलेल्या रांगोळीसारखं. घाण वाट्टेल तिथे तोडते, म्हणजे वरपासून खालपर्यंत धूर."

"आणि इथे?"

लान वाकली. अख्ख्या आरएनएच्या पट्टीखाली आणखी एकच पट्टी होती, फिकी पण रेखीव. "एकाच जागी कापलाय," ती हळूच म्हणाली. "साखर घातल्यावर कापतो तिथेच."

"घाण अशी मोजूनमापून कापते का गं?"

ट्रूडीने कागदावर साखरेचा रेणू काढला आणि शेजारी ट्रिसचा. दोघांनाही नायट्रोजनचा एकेक मोकळा हात होता; खोबणीत बसल्यावर साखरेचा हाच हात कापायला मदत करतो. हेपीसचा काढला, त्याला तो नव्हता.

गुरुवारी नवं हेपीस आलं. ट्रूडीने नव्या डब्यातल्या पावडरचं ताजं ट्रिस केलं. हेपीसमध्ये लानचा आरएनए अख्खा राहिला. क्लेमच्या ट्रिसमध्ये थोडा तुटला. ट्रूडीच्या ताज्या ट्रिसमध्येही तेवढाच तुटला. आणि खोबण नसलेला दुसराच एक आरएनए क्लेमच्या बाटलीत दिवसभर ठेवला होता, त्याला ओरखडासुद्धा नव्हता.

डेस्पिनाने चष्मा वर करून फोटो पाहिला, मग पुन्हा पाहिला.

"म्हणजे ट्रिसच चोरपावलांनी खोबणीत शिरतं. साखरेसारखं घट्ट नाही, पण शिरतं. आणि हे मी कुठेतरी वाचलेलं होतं, अरे देवा!" तिने कपाळावर हात मारला. "बाटली स्वच्छ आहे, ट्रूडी. आरशासारखी स्वच्छ."

ट्रूडी फोटोच्या कडा सरळ करत राहिली.

"पण मग चूक कोणाची?" लानने विचारलं.

"हेपीसच्या जागी ट्रिस कोणी दिलं?" डेस्पिना म्हणाली, आणि दोघी ट्रूडीकडे बघायला लागल्या.

ट्रूडी आधी गोरीमोरी झाली, मग इतकी हसली की तिला स्टूलवर बसावं लागलं.

शुक्रवारी चहाला तिने सहा हिरवे बेडूक आणले. डेस्पिनाने पहिल्याचं डोकंच तोंडात घातलं.

"निसटला बघ क्लेम," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "लेकीला पुढे करून निसटला."

"नेहमीसारखं," ट्रूडी म्हणाली आणि दुसरा बेडूक तिच्यापुढे सरकवला.

लान चमच्याशी चाळा करत होती. "ट्रूडी, त्या फिक्या पट्टीवर मला आणखी काम करायचंय. ती बाटली वापरू का? की तुला ठेवायचीय?"

बाटलीत चार बोटं बफर उरलं होतं.

"वापर," ट्रूडी म्हणाली. "संपव सगळं. काही उरलेलं बाबांना आवडायचं नाही. रिकामी झाली की मात्र मला दे, धुवायला."