सात वेळा बोताम

येरसायिन घरात शिनारला ‘बोताम’ म्हणे. माझं उंटाचं पिल्लू. पहिल्यांदा भेटला तेव्हा तिचे मोठाले डोळे पाहून त्याच्या तोंडून तो शब्द निघाला होता आणि गेली चार वर्षं तिने तो दागिन्यासारखा जपला होता. आया लेकरांना असं म्हणतात हे तिला ठाऊक होतं, पण नवऱ्याने बायकोला म्हटलेलं तिने कुठे ऐकलं नव्हतं. म्हणून तर तो तिचा एकटीचा.

रविवारी सकाळी, अल्माटीच्या एका थिएटरात, तिचा हा समज फुटला.

एका कोरियन प्रेमपटाचा दुसरा भाग कझाखमध्ये लागणार होता, म्हणून आधी नऊ वर्षांपूर्वीचा पहिला दाखवत होते. दोन्हीत नायकाचा आवाज येरसायिनचा, नायिकेचा त्याच्याबरोबर काम करणाऱ्या राऊशानचा. शिनारने पहिला भाग अक्तौला कॉलेजात असताना रशियनमध्ये पाहिला होता. नवऱ्याच्या आवाजात आज प्रथमच. येरसायिन पुढे स्टुडिओच्या लोकांत बसला होता. पाच महिन्यांचा आल्दियार मांडीवर झोपला होता आणि ती दर दहा मिनिटांनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहत होती.

बसथांब्यावर नायक नायिकेच्या केसांतला बर्फ झटकतो आणि म्हणतो, “बोताम, गारठलीस गं.”

शिनारचा हात बाळाच्या कपाळावरच राहिला.

आवाज तोच. शेवटी जरासा खाली उतरणारा. पांघरूण तिच्या पायांवर सारखं करताना लावतो, अगदी तोच. मग तिने सिनेमा पाहिलाच नाही, नुसता ऐकला. जिन्यात एकदा, भांडणात दोनदा, दवाखान्यात, फोनवर, शेवटच्या निरोपात. सात वेळा. निरोपाला मागच्या रांगेतल्या बाया मुसमुसायला लागल्या. शिनारच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

मधल्या वेळात राऊशान मटण भरलेला गरम सामसा घेऊन आली. “काय गं केलिन, नवऱ्याने रडवलं की नाही?” येरसायिनपेक्षा ती चार वर्षांनी मोठी, म्हणून कझाख रीतीने शिनार तिची केलिन, धाकटी सून. “आण इकडे ते गाठोडं, तू खाऊन घे.”

“नको, परक्या हाताला रडतो तो,” शिनार म्हणाली. आल्दियार कुणाकडेही हसत जाई.

तिने राऊशानकडे नीट पाहिलं. लांब पापण्या, पाणीदार, थेट उंटाच्या पिल्लाचे डोळे. पडद्यावरच्या कोरियन पोरीचे तर बारीक होते. मग माइकसमोर उभं राहून याने कुणाच्या डोळ्यांत बघून म्हटलं असेल? तोंडातला सामसा तिला लाकडाच्या भुशासारखा लागला.

दुसरा भाग सुरू झाला. कथेत आठ वर्षं उलटलेली, तीच दोघं, तोच बसथांबा, पुन्हा बर्फ. शिनार कानात प्राण आणून बसली.

“जानिम, गारठलीस गं,” येरसायिनचा आवाज म्हणाला.

जानिम, माझ्या जिवा! भाजीवालाही गिऱ्हाइकाला म्हणतो ते. थिएटरात चुळबुळ झाली. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “अगं बाई, बोताम कुठे गेलं?” आणि लोक हसले. शेवटापर्यंत तो शब्द एकदाही आला नाही. पहिल्यात सात, दुसऱ्यात शून्य. शिनारला हायसं वाटायला हवं होतं. पण तिने उलटाच हिशेब मांडला. लपवण्यासारखं काही नसतं तर काढला कशाला?

पायऱ्यांवर राऊशानने येरसायिनला गाठलं. “ऐकलंस ना ती म्हातारी काय म्हणाली? बोताम नको म्हणून आठ दिवस भांडलास माझ्याशी. लोक त्या शब्दासाठीच आले होते. पहिला भाग जिवंत होता रे. हा नुसता बोलतो.” मग शिनारकडे बघून तिने उसासा टाकला. “जाऊ दे. कारण कडेवर पोर घेऊन उभं आहे,” म्हणाली आणि निघून गेली.

बसथांब्यापर्यंत शिनार त्याच्या पुढे पुढे चालत राहिली.

“तो शब्द कुणाचा?” तिने शेवटी विचारलं.

“तुझा. म्हणून तर सिनेमातून काढला.”

“आधी कुणाचा?”

येरसायिनने टोपी काढली, पुन्हा घातली. “भाषांतरात जानिमच होतं. राऊशान म्हणाली, माझी आजी मला बोताम म्हणायची, तसं म्हण. म्हटलं. महिनाभर म्हणून म्हणून तोंडात बसला. मग तू भेटलीस, तुझे डोळे पाहिले आणि...”

“आणि तिचा शब्द मला दिलास.”

“अगं, सिनेमातून काढून टाकला ना!”

“सिनेमातून काढलास आणि घरात आणून ठेवलास.”

“राऊशानचं-माझं काही नव्हतं, शिनार. तिचं लग्न झालेलं होतं.”

“मी ते विचारलंच नाही,” ती म्हणाली. तेच विचारायचं होतं, आणि त्याने न विचारता सांगितलं याचा तिला जास्त राग आला. “मला यापुढे तसं म्हणायचं नाही.”

“मग काय म्हणू? सोनं? काळीज?”

“ती कुणाकुणाची आहेत?”

बस दिसली. तो काहीतरी म्हणायला वळला, ओठ ‘ब’वर येऊन मिटले, आणि पुन्हा उघडले.

“शिनार.”

लग्नाच्या कचेरीत नाव पुकारतात तसं, सरळ, कोरडं. सकाळपासून त्याचा आवाज तोलत बसलेल्या कानांनी तिने हेही तोलून पाहिलं. माया फारशी नव्हती त्यात. पण दुसरं कुणी नव्हतं.

“चालेल,” ती म्हणाली. “पिशवी घे आणि चढ.”