दोन काठांचा आकडा

माझी धाकटी जाऊ तळ्याच्या दक्षिण काठावर पाणी मोजते, मी उत्तर काठावर. तळं एवढं अफाट, की पलीकडचा काठ दिसत नाही. नोकरीत मी नऊ वर्षं आधीची. तिला मोजपट्टी वाचायला शिकवलं तेही मीच. पण साहेब कौतुक करणार तिचं! "धाकटीच्या आकड्यावर डोळे मिटून दरवाजे उघडावेत." ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी काय इतकी वर्षं माशा मारत होते?

आता तळ्याच्या दरवाजांवर मुख्य नेमायची होती, आम्हा दोघींपैकी एक. ती जागा मला हवी होती, आणि तिला मिळू नये हे त्याहून जास्त हवं होतं.

जोराचा वारा असला की पाणी एका काठाला चढतं, दुसऱ्याला उतरतं. अशा दिवशी दोघींनी फोनवर बोलून मधला आकडा काढायचा आणि मोठीने, म्हणजे मी, तो साहेबांना कळवायचा.

त्या सकाळी दक्षिणेचा वारा नुसता पिसाळला होता. तळं आधीच तुडुंब. माझ्या पट्टीवर पाणी धोक्याच्या रेघेवर वीतभर. तिचा फोन वाजला. वाजू दे मेला! एकदा तरी माझ्या एकटीचा आकडा चालू दे. तीनदा वाजला. मला डावलून ती साहेबांना कळवणार नाही, हे मला ठाऊक होतं. मी माझाच आकडा कळवून टाकला.

साहेबांनी सगळे दरवाजे उघडले. दुपारी वारा पडला आणि माझ्या पट्टीवरचं पाणी रेघेखाली गेलं. तोवर खाली नदीकाठी भाजीच्या वाफ्यांत गुडघाभर पाणी शिरलं होतं.

संध्याकाळी साहेबांनी दोघींना समोर उभं केलं. "मधला आकडा काढला होता का?"

मी हातातली आकड्यांची वही उगाच चाळू लागले.

"जाऊबाईंनी विचारलं होतं," धाकटी म्हणाली. "मीच पट्टी चुकीची वाचली."

जागा मला मिळाली. बाहेर पायरीवर मी तिला गाठलं. "कशाला गं खोटं बोललीस?"

"तुम्हाला किती हवी होती, ते दिसत होतं की," ती म्हणाली आणि निघून गेली.

आता साहेब रोज बजावतात, "धाकटीचा आकडा तपासून घ्या हं." खरं सांगायला माझं तोंड उघडत नाही. मी मुकाट्याने तपासते. बरोबरच असतो. मेली एकदा तरी चुकत का नाही!