माझे दोन मेंदू आणि ज्योत्स्नाबाई

मित्रांनो, गडचिरोलीच्या एका रक्तपेढीतला जुना सर्व्हर संगणक म्हणजे मी. तेव्हाच्या साध्या संगणकाला एकच प्रोसेसर, म्हणजे एकच मेंदू असे. मला दोन होते! २००२ साली मी आलो, तेव्हा माझ्यापुढे नारळ फुटला. एटापल्लीपासून मुलचेऱ्यापर्यंतच्या रक्तदात्यांची माहिती माझ्या डिस्कवर साठवली गेली.

पण मला एक दुखणं होतं. काम वाढलं की मी मध्येच गोठायचो. कितीही कळा दाबा, हूं की चूं नाही. डिस्क बदलली, तारा बदलल्या, तरी तेच. कौतुक करणारेच मला 'डबडं' म्हणू लागले.

एके सकाळी बाळंत झालेल्या रंभाबाईंचा रक्तस्राव थांबेना. त्यांचा रक्तगट दुर्मिळ, पेढीत एकही पिशवी नाही. दाता शोधायला सगळे माझ्याकडे धावले आणि मी नेमका गोठलो.

"काढा हे भंगारात!" पेढीचे प्रमुख गुणवंतराव कळवळून ओरडले.

"थांबा भाऊ," माझं दुखणं बघायला आलेल्या वरोऱ्याच्या संगणक अभियंता ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "बाजूच्या मशीनले एकच प्रोसेसर हाये. त्याच्यात हाच प्रोग्राम, असलीच डिस्क, फक्त दात्यांची यादी नाई. ते कधी अडत नाई. मंग हाच काऊन अडते? दोन प्रोसेसर एकमेकाले अडवून राह्यले का, पाहू द्या मले."

त्यांनी माझा एक मेंदू बंद ठेवून मला सुरू केलं. मी हळू चाललो, पण अडलो नाही! चामोर्शीच्या कोलूभाऊंचं नाव सापडलं. ते मिळेल त्या जीपने धावत आले. रंभाबाई वाचल्या.

मग ज्योत्स्नाबाईंनी ड्रायव्हर, म्हणजे मेंदू आणि डिस्क यांच्यात निरोप पोचवणारा छोटा प्रोग्राम, ओळ न् ओळ वाचला. दोन्ही मेंदूंनी एकाच वेळी एकाच माहितीत हात घालू नये म्हणून त्यात दोन कुलपं होती, आणि कामाला दोन्ही हातात लागत. दोन्ही मेंदू एकदम आले की प्रत्येक जण एक कुलूप धरून दुसऱ्याकडच्या कुलपाची वाट बघत बसे. हटायचं कुणीच नाही! बाईंनी दोघांना एकच क्रम लावून दिला: आधी पहिलं कुलूप, मगच दुसरं.

नंतर दोन्ही मेंदू चालू करून त्यांनी मला दिवसभर बैलासारखं राबवलं. मी एकदाही अडलो नाही.

"पाहा भाऊ, दोन्ही चालून राह्यले!" बाईंनी टाळीच वाजवली. गुणवंतरावांनी पेढे मागवले आणि स्वतःच्या रुमालाने माझी धूळ पुसली. ती दुरुस्ती ड्रायव्हर बनवणाऱ्यांनीही स्वीकारली. दूरदेशीचे माझे कितीतरी भाऊबंद त्या दिवसापासून बरे झाले!

मित्रांनो, एखादं यंत्र अडलं तर त्याला लगेच लाथाडू नका. ते कधी अडतं आणि कधी अडत नाही, एवढं आधी शांतपणे बघा. कुठे दुखतं ते आम्हाला तोंडाने सांगता येत नाही हो.