कल्हई गेलेला गंज

मित्रांनो, मी पवनीच्या कोष्टी मोहल्ल्यातला पितळी गंज. गंज म्हणजे स्वयंपाकाचं मोठं भांडं. जुना आहे, पोटाने मोठा आहे आणि स्वभावाने थोडा मानी आहे. कुणा एका घरचा असतो तर एवढा ताठा नसता. पण मी पडलो अख्ख्या मोहल्ल्याचा!

भंडाऱ्याच्या कारागिरांनी मला ठोकून ठोकून घडवलं. पितळ आणि आंबट यांचं हाडवैर, म्हणून आतून कथलाचा पांढरा थर दिला. तीच कल्हई. हनुमान जयंतीला हातमागांची खटखट थांबायची, मारुतीसमोर मांडव पडायचा आणि मांडवात मानाची जागा माझी. माझ्यातलं कैरीचं पन्हं प्यायल्याशिवाय कुणी घरी जात नसे. कल्हई झिजली की मोहल्ल्यातल्या रंभाबाई आठवणीने नवी करून घ्यायच्या.

पुढे कल्हईवाला यायचा बंद झाला. भाड्याचे प्लास्टिकचे ड्रम आले. माझी रवानगी देवळामागच्या खोलीत झाली, आणि माझ्यात झाडू उभे राहिले. वाईट वाटलं. का वाटू नये? दर उन्हाळ्यात भिंतीपलीकडे मुलांचा गलका ऐकायचा आणि झाडू सांभाळायचे.

यंदा मात्र उत्सवाचं बघणाऱ्या भैय्याजींना माझी आठवण झाली. रंभाबाईंची नात रिता चिंच आणि राख घेऊन माझ्याशी झटली. केस कपाळाला चिकटले, हात काळे झाले, पण पोरगी हटेना.

"भैय्याजी, पयला गिलास मलेच पायजे!" तिने बजावलं.

"पिजो माय, पयला तुहाच," ते हसून म्हणाले.

मी असा चकाकलो की येणारा-जाणारा माझ्यात तोंड पाहू लागला. पण आत कुणी पाहिलं नाही. भैय्याजींनी सकाळीच माझ्यात पन्हं ओतलं आणि वर ओलं फडकं बांधलं. इतक्या वर्षांनी पन्ह्याचा वास आला, मी हरखलो. मग आंबट माझ्या उघड्या अंगाला झोंबू लागलं. कल्हई तर कधीच गेली होती! हे पन्हं कळकणार, आणि ज्या मुलांसाठी मी वर्षानुवर्षं झुरलो, त्यांनाच बाधणार. ओरडणार कसा? भांड्याला तोंड असतं, जीभ नसते.

आरती झाली. मुलांनी रांग लावली. भैय्याजींनी रिताचा गिलास भरला. तिने तो दोन्ही हातांनी ओठांपाशी नेला.

"थांब वं पोरी!" काठी टेकत आलेल्या रंभाबाई माझ्यात वाकून पाहत होत्या. "आतून पांढरं दिसाले पायजे, हे पिवळं काहून दिसून राहिलं? भैय्याजी, कल्हई केली का याले?"

भैय्याजींनी जीभ चावली. "नाही ना काकू. ध्यानातच नाही आलं."

"पोरं ओकून ओकून बेजार होतीन ना बाप्पा! फेका सारं."

सगळं पन्हं नालीत गेलं. रिता हमसून रडू लागली.

"म्या एवढा घासला, अन् आता याले पुन्हा खोलीत टाकतीन!"

रंभाबाईंनी तिचे डोळे पुसले. "कायले टाकतीन? आंबट चालत नाही याले, पाणी चालते. जा, पाणी भर."

मला राखेने आतून-बाहेरून धुतलं, गार पाण्याने भरलं आणि मांडवाच्या दाराशी ठेवलं. रिता शेजारी उभी राहून तांब्याने वाढू लागली. "पाणी घ्या, आमच्या गंजातलं पाणी!" तिची हाक मारुतीच्या घंटेला वरचढ झाली. निम्मं पाणी लोकांच्या गिलासात, निम्मं मैत्रिणींच्या अंगावर. पोर नखशिखांत भिजली आणि खिदळत राहिली. पन्ह्याची कुणाला आठवणही उरली नाही.

ऊन कललं तशी ती मला पुसायला आली. हात तळाला पुरेना, म्हणून कंबरेपर्यंत माझ्यात शिरली.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखं जुनं भांडं असेल. त्याला जरूर घासा, पण एकदा आतही डोकावून बघा. बाहेरची चमक पाहुण्यांसाठी असते, जेवणाऱ्याची गाठ आतल्या अंगाशी पडते.

मी आता पुन्हा त्याच खोलीत आहे, पण झाडू माझ्यात नाहीत. भैय्याजी मला कल्हईला भंडाऱ्याला नेणार आहेत. तोवर मी रिकामा आहे असं समजू नका. त्या दिवशी तळ पुसताना रिता माझ्या पोटात तोंड घालून हळूच म्हणाली होती, "पुढच्या साली पयला गिलास तुह्यातलाच पिईन." ते बोलणं अजून माझ्यात घुमतंय.