तांबडीनं ओळखलेलं तोंड

मी एक जुना मेलेला माणूस आहे, मित्रांनो. घाबरू नका, जिवंत मी कधीच नव्हतो. आता तर नुसतं डोकंच उरलंय. कागदाचा लगदा, शाडूची माती आणि वरून रंग. पेणमधल्या एका घरात मी भिंतीवर टांगलेला असतो. पाहुणा पाणी प्यायला मान वर करतो, त्याला मी दिसतो, आणि पाणी त्याच्या नाकात जातं. एवढीच काय ती माझी करमणूक.

माझा जन्म एका येड्या पैजेतून झाला.

सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात टीव्हीच्या मालिकेवाले आमच्याकडं आले. मालिका घोडेस्वारांची. रुंद टोप्या, कमरेला बंदुका, उजाड गाव आणि दरोडेखोर. असलं वाळवंट कोकणात कुठून आणायचं? तर जिते गावाजवळच्या मिठागरांतून. मे महिन्यात तिथं नजर जाईल तिकडं पांढरंफेक, सावलीला एक झाड नाही.

डायरेक्टरसाहेबांना सगळं खरंखुरं लागायचं. नटांची आठ दिवस आंघोळ बंद. चिकटवलेली दाढी दिसली की ते स्वतः उपटायचे. गावच्या फौजदाराचं काम त्यांनी मुंबईच्या देखण्या नटाकडून काढून मिठागरातल्या हिरामणला दिलं. म्हणाले, याच्या तोंडावर उन्हानं वीस वर्षं मेकअप केलाय, तो फुकट का घालवायचा? पेणचा टांगेवाला काळुराम दरोडेखोर व्हायला गेला होता. त्याला सांगितलं, तू आत्ताच जेवून उठल्यासारखा दिसतोस. त्याला परत पाठवलं आणि त्याची घोडी तांबडी मात्र ठेवून घेतली.

काळुराम त्यावर चिडलेलाच होता. त्यातून एक प्रसंग अडला. मेलेला दरोडेखोर घोड्यावरून एकटाच येतो, घोडा त्याला आणून सोडतो. पण कुठलाही नट घ्या, पोट हलायचंच. साहेब म्हणाले, हा श्वास घेतो, हा मेलेला नाही. मग काम आलं काळुरामच्या शेजाऱ्याकडं, दत्तात्रेयाकडं. दत्तात्रेय गणपती करायचा, पिढीजात. त्यानं गवत भरून मेलेला माणूस करायचं कबूल केलं.

काळुराम ओट्यावर बसून हसला. "माणूस फसंल दत्ता, जनावर नाय फसत. दहा पावलांत तुझा गवत्या खाली."

"तुझी घोडी त्याला पार कॅमेऱ्यापर्यंत नेईल."

"नेला तर बाजाराच्या दिवशी तुला टांग्यात बसवीन आणि तांबडीच्या जागी मी सोता टांगा ओढीन. स्टँडपासनं सबंध बाजारातनं."

दत्तात्रेय हरला तर वर्षभर तांबडीची लीद काढायची, असं ठरलं. आळीतली चार माणसं साक्षीला होती. म्हणजे बघा, माझं तोंड व्हायच्या आधी माझ्यावर पैज लागली.

आणि तोंडच होईना. दत्तात्रेयाची बोटं जन्मभर देव घडवत आलेली. पहिलं तोंड केलं, ते गोड हसणारं. साहेब म्हणाले, हा दरोडेखोर आहे की आशीर्वाद देतोय? दुसरं केलं, तेही तसलंच, शांत आणि कनवाळू. दोन्ही मोडली. तिसऱ्या वेळी तो वैतागला, विचार करायचं सोडलं आणि भर दुपारी, घामानं डोळे चुरचुरत असताना, बोटांना हवं ते करू दिलं.

त्याची बायको पुतळी चहा घेऊन आली. माझ्याकडं बघितलं आणि झटकन डोक्यावर पदर घेतला, मोठ्या माणसासमोर घेतात तसा. मग उलट्या पावली दारापर्यंत गेली आणि हळूच म्हणाली, "हे गोविंदाभावजींचं तोंड हाय, वो."

आता गोविंदा कोण ते ऐका. काळुरामचा थोरला भाऊ. टांगा आधी तोच हाकायचा, तांबडीला शिंगरू असल्यापासून त्यानंच वाढवलेली. त्या उन्हाळ्याच्या चार वर्षं आधी मोठ्या भरतीला खाडीचा बांध फुटला. माणसं मातीच्या गोणी घेऊन धावली, त्यात गोविंदा होता. तो परत आलाच नाही. अंग मिळालं नाही. हिरामण तिथं होता, त्यानं शपथेवर सांगितलं, पाण्यानं ओढून नेला. पण त्यांची आई बायजाबाई एकच म्हणाली, मला तोंड दाखवा, मग दिवस घालीन. चार वर्षं त्या घरात सण नाही. दाराला कडी लावायची नाही. रोज संध्याकाळी दोन भाकऱ्या झाकून ठेवायच्या आणि सकाळी त्या तांबडीला घालायच्या. काळुराम बाहेर सगळ्यांच्या टोप्या उडवायचा, घरात मात्र त्या झाकलेल्या ताटाकडं पाठ करून जेवायचा.

दत्तात्रेयानं मला मोडायला पाहिजे होतं. हात उचललाही होता. पण शूटिंग दुसऱ्याच दिवशी, आणि पैज लागलेली. त्यानं माझी टोपी नाकापर्यंत ओढली. माझ्या अंगात भरायला पुतळीनं सुकं गवत आणलं, ते काळुरामच्या माळ्यावरचं, चार वर्षांत कोणी न हलवलेलं. गोविंदा त्याच गवतावर झोपायचा. हे तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या मात्र आलं.

मित्रांनो, मी खोडकर आहे, कबूल. पण पुढं जे झालं त्यात माझा हात नाही. माझे हात गवताचे होते आणि लगामाला बांधलेले होते.

मला तांबडीवर बसवलं. ऊन असं, की कोणाची सावली पायाबाहेर पडेना. काळुराम कॅमेऱ्यामागं उभा राहून मोठ्यानं पावलं मोजायला लागला. तांबडीच्या अंगावर शहारा गेला, मला तो मांड्यांतून कळला. तिनं मान वळवून माझं गुडघ्याजवळचं गवत हुंगलं आणि चालायला लागली. एका लयीत, पाय जपून ठेवत. रोह्याहून परतताना गोविंदा पाठीवर झोपला की ती अशीच चालायची, म्हणे.

दहा पावलं झाली. वीस झाली. काळुरामचं मोजणं थांबलं. कॅमेरा आला, कॅमेरा गेला. साहेब "कट" म्हणाले, तांबडी थांबली नाही. माणसं आडवी आली, ती वळसा घालून गेली. मिठाच्या बांधांवरून सरळ खाडीकडं. मागं सगळे पळत होते आणि ओरडत कोणीच नव्हतं, फक्त मिठावर पायांचा कचकच आवाज. बांध जिथं फुटला होता तिथं ती थांबली. पुढचे पाय पाण्यात घातले आणि मान खाली केली. वाऱ्यानं माझी टोपी उडाली.

काळुराम सगळ्यांच्या पुढं होता. दत्तात्रेयाला शिव्या घालायला त्यानं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्याला माझं तोंड दिसलं. मग त्यानं माझ्या गवताच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "दादा."

हिरामणनं फौजदाराची टोपी काढली. "हितनंच गेला, काळू. मी तवाच सांगितला व्हता."

संध्याकाळी मला बायजाबाईपुढं नेलं. दत्तात्रेय वाटेत तीनदा म्हणाला, "म्हातारी एक तर मला मारंल नायतर मरंल." मलाही भीती वाटली, खरंच. मला ओट्यावर टेकवून बसवलं. ती जवळ आली. माझ्या गालावरून, हनुवटीवरून बोटं फिरवली, बाजारात फळ बघतात तशी, घाई न करता.

"गवत हाय, कळतंय मला," ती म्हणाली. "दत्ता, डाव्या भुवईवर खोक व्हती त्याच्या. ती राहिली तुझी."

दत्तात्रेयानं बसल्या जागी नखानं ती खोक काढली. तिनं पुन्हा बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आत गेली, झाकलेलं ताट उचललं आणि चूल विझवली.

दुसऱ्या दिवशी रोह्याहून भटजी आले. अंग मिळालं नाही तर गवताचं अंग करून त्याला अग्नी देतात, असं त्यांनी सांगितलं. अंग तयारच होतं. बायजाबाई म्हणाली, "धड न्या. तोंड राहूंदे, त्याचा फोटू नाय माझ्यापाशी." म्हणून मी उरलो.

मित्रांनो, मला कुणी ओवाळू नका, पण महिन्यातून एकदा धूळ तरी पुसत जा. भुवईवरची खोक बुजायला आलीय. आणि घरातल्या माणसांची तोंडं नीट बघून ठेवा. दत्तात्रेयाच्या बोटांनी ते तोंड ध्यानात ठेवलं होतं, म्हणून त्या आईला मिळालं.

राहिली पैज. दत्तात्रेय म्हणाला, सोड रे काळू, मी काय मागतोय का? काळुरामही मान खाली घालून बसला होता. बायजाबाईच बोलली. "हरलास ना? मग वढ टांगा. आज घोडीनं नाय न्यायचं त्याला."

तो बाजाराचाच दिवस होता. काळुराम स्टँडपाशी दांड्यांमध्ये शिरला, छातीवर पट्टा घेतला. टांग्यात दत्तात्रेय, त्याच्या शेजारी बायजाबाई, माझं धड आडवं आणि तिच्या मांडीवर मी. पैजेची बातमी आधीच पसरली होती, शिट्ट्या मारायला पोरं, पापडवाल्या, हमाल, सगळे जमले होते. पहिली शिट्टी वाजलीसुद्धा. मग त्यांना तिच्या मांडीवर मी दिसलो. गोविंदाला ओळखणारे त्यात पुष्कळ होते. शिट्टी अर्ध्यात थांबली. माणसं वाट सोडत गेली. एकानं पायातल्या चपला काढल्या, मग बाकीच्यांनी. काळुराम घामानं निथळत होता, चढावर त्याचे पाय घसरत होते, पण त्यानं कुणाला हात लावू दिला नाही.

मधल्या चौकात टांगा एकाएकी हलका लागला, तसा तो मागं न बघता म्हणाला, "ढकलू नका रे कोणी. माझी पैज हाय."

दत्तात्रेयानं वळून बघितलं. मागं तांबडी होती, मोकळी, दहा हात अंतर ठेवून चालत होती. दुसरं कोणी नव्हतं.

"कोणी ढकलत नाय, काळू," तो म्हणाला.

बायजाबाईनं माझ्या डोळ्यांवर हात ठेवला. टांगा चढावरून हलका हलका वर जात राहिला.