अर्ध्यावरचा खटका

उमाकांत म्हणजे टूथपेस्टची नळी लाटण्याखाली घालून संपवणारा माणूस. विम्याच्या ऑफिसातल्या एका साहेबांनी बदली होऊन जाताना आपला जुना कॅमेरा त्याला देऊन टाकला, तेव्हा त्याला सगळ्यात आवडला तो वरचा बारकासा खटका. खटका पूर्णवर ठेवला की एका रोलमध्ये छत्तीस फोटो निघत, अर्ध्यावर ठेवला की बहात्तर. निगेटिव्ह निम्मी होते, फोटो तितका स्वच्छ येत नाही, असं साहेबांनी सांगितलं होतं. पण बहात्तर ऐकल्यावर पुढचं कोण ऐकतो! उमाकांतनं खटका अर्ध्यावर सरकवला तो तीन वर्षं तिथंच राहिला.

जयपूरला आल्यापासून दर रविवारी तो बायकोला, शालिनीला, घेऊन आदर्श नगरातून बाहेर पडे. आमेर, हवामहल, जलमहल. साताऱ्याच्या माणसांना जयपूर सगळंच्या सगळं दिसायला हवं, म्हणून फोटो काढताना हा शहाणा मागं मागं सरकत जाई. वरचा कळस आत आला की खूष. शालिनी खाली कुठंतरी कोपऱ्यात उभी असे, पदर सावरत.

"अहो, एक जवळून काढा ना," ती एकदा म्हणाली होती. "माझा एकटीचा. तो खटका नीट करून. आईला पाठवते."

"तुझं तोंड आईला पाठ आहे. तिला जयपूर बघू दे."

ती हसली आणि पुन्हा कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

मे महिन्यात तिला कावीळ झाली आणि नवव्या दिवशी ती गेली. तार मिळून तिची आई आक्काबाई साताऱ्याहून गाड्या बदलत एकटी येऊन पोचली, तोवर अस्थीसुद्धा सावडून झाल्या होत्या. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्यामुळे तीन वर्षांत तिला लेकीकडं एकदाही येता आलं नव्हतं.

"उमाकांतराव, मला तिचं तोंड दाखवा."

त्यानं सगळे अल्बम पुढ्यात ठेवले. तिनं दोन पानं उलटली आणि मिटून ठेवले.

"हे पाठवलेत की मला. भिंग लावून बघत होते मी. लग्नातला फोटो आहे माझ्याकडं, पण ती माझ्या घरची शालू. इथली कशी दिसत होती? वाळली होती का?"

उमाकांत तडक उठला आणि सगळ्या निगेटिव्ह पिशवीत भरून फोटोवाल्याकडं गेला. फोटोवाला एकेक पट्टी दिव्यापुढं धरून बघत राहिला.

"इतने सारे फोटो, और भाभीजी एक में भी पास नहीं?"

शेवटी जलमहलाचा एक सापडला. त्यात ती न सांगता चार पावलं पुढं आली होती. निगेटिव्ह अंगठ्याच्या नखाएवढी, आणि त्यात ती तिळाएवढी.

"चेहरा फट जाएगा, साहबजी. दाने-दाने दिखेंगे."

"बना दो. जितना बड़ा बने."

तेराव्याला फोटो पाटावर मांडला. आक्काबाई आंघोळ करून दारात आली आणि तिथंच थबकली. दारातून खरंच शालिनी दिसत होती. मान जराशी कललेली, ओठ हसू दाबल्यासारखे.

"हीच," आक्काबाई म्हणाली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. उमाकांतचा जीव भांड्यात पडला. निदान एवढं तरी आपल्या हातून झालं, असं त्याला वाटलं.

लेक सवाष्ण गेली होती. पहिलं कुंकू आईनंच लावायचं होतं. आक्काबाईनं करंडा उघडला, बोट बुडवलं आणि ती फोटोकडं निघाली. ती जसजशी जवळ जाऊ लागली तसतशी शालिनी विरत गेली. आधी ओठ गेले, मग डोळे. पाटाशी बसून तिनं हात पुढं केला, तेव्हा काचेमागं सांडलेल्या खसखशीसारखे नुसते काळे-करडे ठिपके होते.

बोट हवेतच थांबलं.

"उमाकांतराव, हिचं कपाळ कुठं आहे हो?"

तो तिच्याशेजारी गुडघ्यावर बसला. काचेला नाक लागेपर्यंत वाकून त्यानं पाहिलं. आक्काबाई कुंकवाचं बोट तसंच धरून वाट बघत होती, आणि त्यालाही ते सापडत नव्हतं.